गाडीसाठी पहिला चष्मा पारदर्शकच घ्या

गाडीवर डोळ्यांना काय लावायचं असं विचारलं की बहुतेक लोक पटकन "गॉगल" म्हणतात, आणि गॉगल म्हणजे काळा हे न सांगता ठरलेलंच असतं. मी बरीच वर्षं पुण्यात गाडी चालवतेय, आधी स्कूटी आणि आता बाईक, कोथरूड ते भोसरी आणि परत, आणि माझं मत आता अगदी पक्कं झालंय की गाडीवाल्याने पहिला चष्मा पारदर्शक घ्यावा, काळा नंतर. ऊन दिवसा त्रास देतं हे खरंय, पण डोळ्यात जे काही उडून जातं ते दिवसरात्र जातं, आणि सगळ्यात जास्त जातं संध्याकाळी, जेव्हा काळा गॉगल काढून बॅगेत गेलेला असतो आणि हेल्मेटची काच नीट दिसत नाही म्हणून वर केलेली असते. म्हणजे जेव्हा गरज जास्त तेव्हाच डोळे उघडे.

आणि पुण्याच्या रस्त्यावर डोळ्यात जायला काय कमी आहे का! डंपरवरची ताडपत्री अर्धी सुटलेली असते आणि मागे क्रश सँडची धार उडत असते, मेट्रोचं नाहीतर पुलाचं काम कुठे ना कुठे चालूच असतं, त्याच्या पत्र्यांच्या कडेने सिमेंटची बारीक पूड साचते आणि एखादी बस जोरात गेली की ती सगळी वर येते. बसच्या खिडकीतून येणारी पिचकारी, त्याबद्दल वेगळं लिहायला नको. नदीकाठच्या रस्त्यांना दिवे लागायच्या वेळेला चिलटं. २०२४ च्या फेब्रुवारीत मुंढवा-केशवनगरकडे नदीवर किड्यांचे उंचच उंच भोवरे उठलेले व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेत, तिथल्या पुलावरून रोज टू-व्हीलरने जाणाऱ्यांचं काय होत असेल याचा विचार करा. आणि जूनमध्ये पहिला दणदणीत पाऊस झाला की त्या संध्याकाळी पंखवाली वाळवी बाहेर पडते, रस्त्याच्या दिव्यांखाली नुसता थवा, त्यातून चाळीसच्या स्पीडने जाताना ते चेहऱ्यावर खड्यासारखं लागतं.

हिशोब साधा आहे. ६० च्या स्पीडला गाडी एका सेकंदात १६-१७ मीटर जाते. डोळ्यात काही गेलं की पापणी आपोआप मिटते, आणि एका डोळ्यात गेलं तरी मिटतात दोन्ही, ते आपल्या हातात नसतं. दोन सेकंद नीट दिसलं नाही तर तीसेक मीटर गाडी तुम्ही न बघता चालवली. नवले पुलाच्या उतारावर किंवा नाशिक फाट्याला तीस मीटरमध्ये काय काय असतं हे जो रोज जातो त्याला माहितीये. म्हणून मी याला डोळ्यांची काळजी एवढंच मानत नाही, ब्रेक आणि टायर जितके गाडीचे भाग आहेत तितकाच हा चष्मा पण आहे.

माझा मावसभाऊ चाकणला कामाला आहे. मागच्या हिवाळ्यात घरी परत येताना एका भंगाराच्या टेम्पोमागे सापडला, काच वर होती, आणि डोळ्यात काहीतरी गेलं. घरी आला तो डोळा धरूनच. "ताई, बघ ना जरा, सारखं टोचतंय." मोबाइलचा टॉर्च लावून बघितलं तर डोळ्याच्या तपकिरी भागावर एक बारीक काळा ठिपका. पाण्याने धुतलं, ठिपका हलेना. मी म्हटलं, "आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे चल," तर तो म्हणे, "अगं सकाळी बघू, झोपलो की जाईल." सकाळी डोळा लालभडक, उजेड सहन होईना. मीच घेऊन गेले. डॉक्टरांनी आधी बधिर करायचे थेंब टाकले, त्या मशीनवर हनुवटी टेकवून बसवलं आणि सुईच्या टोकाने तो कण अलगद काढला. लोखंडाचा होता. कण निघाला पण त्याच्या जागी केशरट रंगाचं एक कडं राहिलं, मला त्यांनी मशीनमधून दाखवलं, कॉर्नियावर, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर, गंज चढला होता. लोखंडाचा कण काही तास जरी तिथे राहिला तरी गंज सोडायला लागतो म्हणे, मग तो गंज पण एका बारीक फिरत्या टोकाने खरवडून काढावा लागतो. पुढे कितीतरी दिवस थेंब, आणि खोलीत पडदे लावून बसणं. नजर शाबूत राहिली कारण कण डोळ्याच्या बरोबर मधे नव्हता, थोडा कडेला होता.

डोळ्यात काही गेलं तर गाडी डावीकडे घ्या, थांबा, चोळू नका, स्वच्छ पाण्याने धुवा. धुवून गेलं नाही किंवा धातूचं वाटतंय तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. रात्र काढू नका.

आता कुठला चष्मा. यात मला बाबांचा फायदा झाला. बाबा भोसरीत टूलरूमला होते, ग्राइंडरवर उभं राहायचं तर आधी चष्मा आणि मग मशीनचं बटण हे त्यांच्या अंगात भिनलेलं. त्यांचे ते सेफ्टी गॉगल लहानपणापासून घरात बघितलेत, पूर्ण पारदर्शक, वजनाला काहीच नाही, दोन्ही बाजूंनी कानशिलापर्यंत वळलेले. अगदी तोच चष्मा गाडीवर चालतो. रविवार पेठेत बोहरी आळीत जिथे हँडग्लोव्हज, सेफ्टी शूज मिळतात तिथे तो मिळतो, भोसरी-चिंचवडला तर चिक्कार दुकानं आहेत, आणि फुटपाथवरच्या काळ्या गॉगलच्या पैशात येतो. स्टाइल नाहीये त्यात हे मान्य. पण काडीवर किंवा काचेच्या कोपऱ्यात मार्क बघायचा, अमेरिकन स्टँडर्डचा झेड ८७ प्लस किंवा युरोपियन ईएन १६६ आणि बरोबर १ एफ. यातला झेड ८७ प्लस म्हणजे काय, तर साधारण ६ मिमीचा स्टीलचा गोळा ताशी १६० किमीच्या वर स्पीडने त्या काचेवर मारून बघतात, आणि वरून अर्धा किलोचं टोकदार वजन सव्वा मीटरवरून सोडतात, आणि तरी काच फुटता कामा नये, फ्रेममधून निसटता पण कामा नये. १ एफ मधला एफ मार सोसण्याचा, आणि १ हा काचेतून किती स्वच्छ, न वाकडं दिसतं त्याचा वरचा वर्ग, दिवसभर घालायचा तर तोच घ्या, नाहीतर डोकं दुखतं.

ही सगळी करामत पॉलीकार्बोनेटची. १९५३ साली जर्मनीत बायर कंपनीत हर्मन श्नेल आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये डॅनिएल फॉक्स अशा दोघांनी एकमेकांना माहीत नसताना हे प्लास्टिक बनवलं. मार बसला की ते दबतं, वाकतं, पण त्याच्या ठिकऱ्या उडत नाहीत. आपल्या नेहमीच्या नंबरच्या चष्म्यात जे साधं प्लास्टिक असतं, सीआर-३९, ते दिसायला उत्तम, पण जोरात काही लागलं तर त्याचे तुकडे होऊ शकतात, आणि खरी काच तर गाडीवर नकोच, ती फुटली तर तिचे तुकडेच डोळ्यात. अजून एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पॉलीकार्बोनेट मुळातच जवळपास सगळं अल्ट्राव्हायोलेट, म्हणजे उन्हातले न दिसणारे घातक किरण, अडवतं, रंग लावला असो वा नसो. म्हणजे डोळ्यात मांस वाढणं वगैरे जे ऊन-वारा-धुळीमुळे होतं म्हणतात, त्यातल्या उन्हाच्या त्या भागासाठी काच काळी असायची गरजच नाहीये. उलट फुटपाथवरचा नुसता काळा प्लास्टिकचा गॉगल, ज्यात अल्ट्राव्हायोलेट अडवायची सोय नाही, तो वाईट, कारण काळोख झाला म्हणून डोळ्याची बाहुली मोठी होते आणि जे अडायला हवं तेच जास्त आत जातं.

नंबर असलेल्यांसाठी थोडं वेगळं. सदाशिव पेठेत एक जुने चष्मेवाले आहेत, मी गेले आणि म्हटलं की गाडीसाठी वेगळा चष्मा करायचाय, तर नंबर, बजेट काहीच न विचारता ते म्हणाले, "हेल्मेट कुठंय?"

"खाली गाडीला लावलंय काका."

"मग घेऊन या आधी. हेल्मेटशिवाय गाडीच्या चष्म्याची फ्रेम दाखवत नाही मी."

आणली. त्यांनी हेल्मेट घालायला लावलं, पट्टा बांधायला लावला, आणि मग एकेक फ्रेम आत सरकवून बघितली. ज्या फ्रेम आरशात छान दिसत होत्या त्या पटापट बाद झाल्या. जाड काडी हेल्मेटच्या फोममधून आत जातच नाही, आणि गेली तर कानशिलावर असं दाबते की वीस मिनिटांत ठणका लागतो. कानामागे खूप वळलेली काडी अडकते. सरळ, बारीक, थोडी लवचिक काडी बरोबर सरकते. मग मान डावीकडे फिरवा, उजवीकडे फिरवा, खाली बघा, चष्मा जागचा हलतोय का, नाकावरून घसरतोय का. आणि काडी जिथे काचेला जोडते तिथे ती रुंद असेल तर बाजूचं दिसणं कापलं जातं, पुण्यात डावीकडून कोण कधी घुसेल याचा भरवसा नाही, तेव्हा तो कोपरा मोकळाच पाहिजे. रिमलेस नको म्हणाले, भोकं पाडून स्क्रू बसवलेल्या काचेला तिथूनच तडा जातो. फुल रिम, पॉलीकार्बोनेट, अँटिग्लेअर. नंबर मोठा असेल तर पॉलीकार्बोनेटमधून कडेला वस्तूंना रंगीत किनार दिसते काहींना, त्यांच्यासाठी ट्रायव्हेक्स म्हणून मटेरिअल आहे, थोडं महाग, पण मार तसाच सोसतं. मला तिथे बसवून ठेवलं, हेल्मेट-चष्मा घालून, दुसरं गिऱ्हाईक होईपर्यंत. दुखत नाहीये ना याची खात्री झाल्यावरच ऑर्डर घेतली. चष्मा गाडीसाठी घेताय तर हेल्मेट बरोबर न्या, हे मी तेव्हापासून सगळ्यांना सांगते.

बाबांना आता बायफोकल आहे, आणि ते त्याच चष्म्याने स्कूटर चालवायचे. खालच्या भागातून जवळचं वाचायचा नंबर, त्यामुळे सिग्नलला पाय टेकवताना त्यांना जमीन धूसर दिसायची, खड्डा आहे का फरशी सरकलीये ते कळायचंच नाही. त्यांना फक्त लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा करून दिला आणि तो गाडीच्या डिकीतच ठेवलाय.

आता तो पुणेरी प्रश्न, स्कार्फ. हेल्मेटसक्तीवरून या शहरात काय काय झालंय ते सगळ्यांना माहिती आहे, पण स्कार्फची कधी कुणाला सक्ती करावी लागली नाही, बायका-मुलींनी तो आपणहून घेतला, धुळीसाठी, उन्हासाठी. पण स्कार्फ नाकावरून घट्ट बांधला की श्वास वरच्या फटीतून निघतो तो थेट चष्म्यावर, आणि सिग्नलला थांबलं की काचा पांढऱ्या. पावसात तर हाल. मी स्कार्फची वरची कड नाकाच्या हाडावर घेऊन तिच्यावर चष्मा टेकवते, म्हणजे वाफ वर न येता बाजूने जाते. गाठ मानेला खाली, कानामागे नाही, नाहीतर काडी उचलली जाते. चष्मा डोळ्याला अगदी चिकटून नको, थोडी हवा खेळायला पाहिजे, आणि हेल्मेटची काच एक खाच उघडी. ताम्हिणीत जुलैमध्ये ढगातून जाताना एवढं पण पुरत नाही, तिथे अँटिफॉग कोटिंगचा चष्मा किंवा वायझरच्या, म्हणजे हेल्मेटच्या काचेच्या, आत बसणारी ती दुसरी पातळ काच, पिनलॉकसारखी, तिचा खरा फायदा होतो, कारण दोन थरांच्या मधे हवा अडकते आणि आतला थर गार पडत नाही.

आणि वायझर. लोक काच वर का करतात याचं मला तरी एकच मोठं कारण दिसतं, ती खराब झालेली असते. आपण सिग्नलला थांबतो, काचेवर धूळ आहे, ओढणीच्या नाहीतर टी-शर्टच्या टोकाने कोरडीच पुसतो. ती धूळ म्हणजे बारीक दगडच, प्रत्येक पुसण्याला चरे पडतात. दिवसा कळत नाही. रात्री समोरून हेडलाइट आला की ताक पिऊन ठेवलेल्या ग्लाससारखी सगळी काच दुधाळ होते, प्रत्येक चरा उजेड पकडतो, आणि मग काही दिसत नाही म्हणून काच वर. पॉलीकार्बोनेट मार सोसतं पण ओरखड्याला नाजूक असतं, वरचं कडक कोटिंग गेलं की संपलंच. म्हणून घरी आल्यावर ओलं फडकं काचेवर पाच-दहा मिनिटं नुसतं ठेवून द्यायचं, वाळलेले किडे मऊ होऊन सुटतात, मग साध्या साबणाच्या पाण्याने बोटांनी धुवायचं आणि मायक्रोफायबरने टिपून घ्यायचं, घासायचं नाही. पेट्रोल, थिनर, अमोनियावाला काच साफ करायचा स्प्रे, यातलं काहीही लावायचं नाही, मटेरिअलला आतून बारीक तडे जातात. आणि चरे पडलेच तर काच बदला. १ जून २०२१ पासून देशात आयएसआय मार्कचंच हेल्मेट विकायचा नियम आहे, पण नुसता वायझर बदलायचा तर लोक अख्खं हेल्मेट जुनं होईपर्यंत थांबतात. नाना पेठेत बहुतेक चालू मॉडेलच्या काचा सुट्ट्या मिळतात, हेल्मेट घेऊन जा, तिथल्या तिथे बसवून देतात.

काळ्या गॉगलच्या विरोधात मी अजिबात नाहीये. एप्रिल-मे मध्ये दुपारी दोनला सातारा रोडला त्याशिवाय डोळे उघडे ठेवता येत नाहीत. फक्त तो दुसरा घ्या आणि बघून घ्या. रंगाचे ० ते ४ असे वर्ग असतात, ३ नंबरचा साधारण ८ ते १८ टक्के उजेड आत सोडतो, आपल्या उन्हाला तो पुरतो, ४ नंबर गाडी चालवायला नसतोच. करडा रंग सिग्नलचे रंग जसेच्या तसे दाखवतो, ब्राऊनमधून खड्ड्यांच्या कडा जरा उठून दिसतात, मला ब्राऊन आवडतो. पोलराइज्डचं सगळे कौतुक करतात आणि चमक तो खरंच छान मारतो, पण गाडीवर माझी त्याला पसंती नाही. एक तर बऱ्याच गाड्यांचा डिजिटल मीटर त्यातून काळा पडतो, वायझरवर इंद्रधनुष्याचे पट्टे दिसतात, आणि मुख्य म्हणजे वळणावर सांडलेल्या डिझेलची किंवा ओल्या रस्त्याची जी चमक बघून आपण सावध होतो तीच तो झाकतो. बोपदेव घाटात उतरताना मला ती चमक दिसलेली हवीये.

उन्हात काळे होणारे फोटोक्रोमिक पण खूप जण घेतात, दोन्ही कामं एकात म्हणून. पण ते काळे होतात अल्ट्राव्हायोलेटमुळे, आणि वायझर तेच अडवतो, त्यामुळे काच खाली असली की बिचारे पारदर्शकच राहतात. काच वर ठेवली तर काळे होतात, पण कात्रजच्या नव्या बोगद्यात शिरल्यावर परत पारदर्शक व्हायला त्यांना काही मिनिटं लागतात, आणि तोवर बोगदा संपून पण जातो.

रात्रीसाठी पिवळे चष्मे विकतात, हेडलाइटचा त्रास कमी होतो म्हणून. २०१९ साली बॉस्टनच्या संशोधकांनी सिम्युलेटरवर हे तपासलं, पिवळ्या चष्म्याने रात्री रस्त्यावरचा माणूस लवकर दिसत नाही. पिवळा रंग पण शेवटी उजेड कमीच करतो ना. रात्री पारदर्शकच, आणि स्वच्छ.

लेन्स लावणाऱ्या पोरापोरींना एवढंच सांगेन, हिंजवडीवरून रात्री उशिरा परत येताना वाऱ्याने लेन्स कोरडी पडते, तिच्यावरून पण पारदर्शक चष्मा लावा.

एक गोष्ट राहिली आणि तीच मला सगळ्यात जास्त खुपते. स्कूटरवर पुढे उभी असलेली पोरं. आईबाबांनी हेल्मेट, गॉगल, स्कार्फ सगळं घातलेलं असतं आणि पोरगं हँडलला धरून वाऱ्याला तोंड देऊन उभं असतं, डोळे बारीक करून. जे काही उडतं ते आधी त्याला लागतं. चार वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट आणि बांधायचा पट्टा, आणि गाडी ४० च्या आत, असा नियम २०२२ साली निघाला आणि पुढच्या वर्षी लागू झाला, पण डोळ्यांचं त्यात काही नाही, ते आपल्यालाच बघावं लागतं. जत्रेतला खेळण्यातला गॉगल लावू नका, त्याचं प्लास्टिक ठिसूळ असतं, फुटलं तर टोक डोळ्यात जातं. लहान साइझचं हेल्मेट मिळतं, पारदर्शक वायझरचं, ते घ्या. आणि पोराला मागे बसवा, पट्टा बांधून. माझी भाची आधी रडली, पुढेच उभं राहायचं म्हणून हट्ट केला, तिला म्हटलं काच तूच खाली करायची, मी सांगणार नाही. आता गाडी स्टँडवरून काढायच्या आत ती टक करून काच खाली करते आणि मला विचारते, "मावशी, तुझी केलीस का?"